दम्याची मुलं आणि शहराची हवा: अभ्यास कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विषयात एमडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला थीसिससाठी ‘हवेचं प्रदूषण आणि दम्याची मुलं’ हा विषय घ्यायचा आहे. आपल्या रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत वर्षभरात दम्यासाठी आलेल्या मुलांची रोजची संख्या काढायची, शेजारी त्या दिवसाचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) लिहायचा आणि दोन्हींचा संबंध तपासायचा, असा तिचा बेत आहे. गाईड म्हणतात चालेल. तिला मात्र शंका आहे की एवढ्यावरून काही म्हणता येईल का.

तुमची शंका रास्त आहे. विषय सोडू नका, आराखडा बदला. आहे तसा आराखडा वापरलात तरी एक उत्तर हाती येईलच, पण ते चुकीचं असण्याची शक्यता जास्त.

पुण्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस हवा धुऊन काढतो, वारा वाहता असतो आणि पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) वर्षातल्या तळाला गेलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत शाळा सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, वर्गात सर्दी-खोकला फिरत असतो, भिंतींना ओल धरते, कपडे घरात दोरीवर वाळतात, कपाटामागे बुरशी चढते. लहान मुलांमध्ये दम्याचा झटका येण्याचं सर्वांत मोठं निमित्त म्हणजे विषाणूंची सर्दी. त्यामुळे हवा सर्वांत स्वच्छ असताना ओपीडीत घरघर घेऊन आलेल्या मुलांची रांग लागलेली असते. हे आकडे तसेच शेजारी-शेजारी मांडले तर आलेख सांगेल की प्रदूषण वाढलं की दमा कमी होतो! मग विद्यार्थी घाबरून पावसाळा वगळतात आणि फक्त हिवाळा घेतात. हिवाळ्यात थंडी वाढते, सर्दी पुन्हा येते, हवाही खराब होते, आणि आता आलेख उलट दिशेला छान चढतो. दोन्ही वेळा आपण मोजला तो ऋतू.

दिवाळीचं उदाहरण तर प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आराखड्यात) असतं. फटाक्यांचा धूर वाईट आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसोबत मुलांच्या नेहमीच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा निरुपद्रवी समजली जाणारी नागगोळी सर्वांत वर निघाली. तिच्या धुरात पीएम २.५ घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. पण दिवाळीच्या आठवड्यात आणखी काय काय घडतं ते पाहा. आधीचे आठ दिवस घरोघरी माळे उतरवले जातात, गाद्या झटकल्या जातात, वर्षभराची धूळ हवेत येते. काही घरांत भिंतींना रंग लागतो. शाळांना सुट्टी लागते, म्हणजे वर्गातली सर्दी थांबते. निम्मी कुटुंबं गावी जातात. दवाखाने बंद असतात. जे मूल धनत्रयोदशीला आजारी पडलं ते भाऊबीज उलटल्यावर ओपीडीत दिसतं. एवढ्या गुंत्यातून फटाक्यांचा वाटा ओपीडीच्या आकड्यावरून वेगळा काढता येत नाही. २०२०च्या लॉकडाऊनचंही तेच. हवा स्वच्छ झाली, दम्याचे झटके कमी झाले हे खरं, पण शाळा बंद होत्या, विषाणू फिरत नव्हते आणि लोक रुग्णालयाच्या दाराशी यायला घाबरत होते.

हा अनुभव आपल्याकडचाच आहे असं नाही. या क्षेत्रातले दोन गाजलेले अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

पहिला अमेरिकेतल्या यूटा व्हॅलीतला. तिथला पोलादाचा मोठा कारखाना ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा तेरा महिने बंद होता. कारण कामगारांचा तंटा आणि मालकीबदल. हवेशी काही संबंध नव्हता. आर्डन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत पीएम १० (थोड्या मोठ्या कणांसह धुळीचं प्रमाण) बंदच्या हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांचं ब्राँकायटिस व दम्यासाठी दाखल होण्याचं प्रमाणही साधारण दुप्पट. विरोधकांनी लगेच आरएसव्ही या लहान मुलांच्या छातीला त्रास देणाऱ्या विषाणूकडे बोट दाखवलं: तो हिवाळा कदाचित विषाणूचा जोर कमी असल्याचा असेल. पण शेजारच्या कॅश आणि सॉल्ट लेक या खोऱ्यांत, जिथे हा कारखाना नव्हता, तिथे असा चढउतार दिसत नव्हता. पुढे आणखी एक पुरावा आला. त्या काळात हवा मोजताना वापरलेले फिल्टर जपून ठेवलेले होते. त्यांच्यावरच्या धुळीचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसाच्या एका भागात सोडून पाहिला, तर कारखाना चालू असतानाच्या धुळीने जास्त दाह झाला, बंद काळातल्या धुळीने कमी. धुळीतल्या धातूंचा त्यात हात होता. रुग्णालयाचं रजिस्टर, शेजारचं खोरं आणि प्रयोगशाळा असे तिन्ही पुरावे एका बाजूला आल्यावर शंकेला फार जागा उरली नाही.

दुसरा अभ्यास १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा. स्पर्धेच्या सतरा दिवसांत शहराने खासगी गाड्या कमी केल्या, बस वाढवल्या. ओझोन या प्रदूषक वायूचा रोजचा उच्चांक २७.९ टक्क्यांनी उतरला आणि सरकारी विम्याखालच्या मुलांच्या दम्याच्या तातडीच्या भेटी ४१.६ टक्क्यांनी. २००१ साली हा निबंध आला आणि जगभर उद्धृत झाला. नंतर दुसऱ्या गटाने जास्त वर्षांचा डेटा घेऊन तपासलं तेव्हा दिसलं की त्याच दिवसांत आग्नेय अमेरिकेतल्या इतर शहरांतही ओझोन तितकाच उतरला होता, म्हणजे श्रेय बरंचसं हवामानाचं होतं. दरवर्षी त्या काळात दम्याच्या भेटी तशाही कमी होत असत. तो ऋतूचा भाग काढल्यावर घट ठामपणे सांगता येईना. वाहतूक कमी करणं निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. यूटाकडे शेजारचं खोरं होतं, अटलांटाच्या पहिल्या निबंधात तुलना अपुरी होती, एवढाच फरक. तुमच्या थीसिसमध्ये ‘तुलना कशाशी?’ या प्रश्नाला पहिल्या पानावर उत्तर हवं.

माझ्या मते त्या मुलाची तुलना त्याच मुलाशी करावी. गरीब-श्रीमंत, आईला दमा आहे की नाही, घरात सिगारेट ओढतात की नाही, ही सगळी भेदाभेद एका फटक्यात बाजूला होते, कारण मूल तेच आहे. बदलते ती हवा. लंडनमध्ये हे फार सुरेख करून दाखवलं गेलं. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या ६० प्रौढांना एकदा डिझेल बस-टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा जवळच्याच हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालायला लावलं. रस्त्यावर चालल्यानंतर एफईव्ही१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) बागेपेक्षा ६.१ टक्क्यांपर्यंत जास्त उतरला, आणि लक्षणं फारशी नसतानाही उतरला. मुलांना अशा प्रकारे मुद्दाम धुरात फिरवणं आपल्याला मान्य होणार नाही, होऊही नये. पण आपली मुलं रोज शाळेला जाताना हेच करतात. आपण फक्त त्यांच्या मागे जाऊन नीट मोजायचं.

म्हणून आराखडा असा सुचवतो. सहा ते बारा वयाची, दमा असलेली चाळीस-पन्नास मुलं, शक्य असल्यास दोन-तीन शाळांतली. प्रत्येक मुलाच्या मागे सहा ते आठ आठवडे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ आपल्याकडे चांगला, कारण दिवाळी उलटलेली असते, शाळा चालू असते आणि हवा रोज खालीवर होत असते. हवा रोज सारखीच वाईट असेल तर आपल्याला शिकायला काही मिळत नाही, चढउतार हवाच.

रुग्णालयाचा डेटा वाया जाऊ देऊ नका, मात्र ओपीडीचं रजिस्टर बाजूला ठेवून कॅज्युअल्टीतलं (तातडीच्या विभागातलं) नेब्युलायझेशनचं, म्हणजे मास्कमधून औषधाची वाफ दिल्याचं, रजिस्टर घ्या. ओपीडीत फॉलोअपला आलेली, सर्टिफिकेट न्यायला आलेली, औषध संपलं म्हणून आलेली मुलं असतात. रात्री नेब्युलायझर लागलेलं मूल खरंच झटक्यात असतं. त्यावर केस-क्रॉसओव्हर पद्धत लावा: एखादं मूल नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी आलं असेल तर त्या दिवसाची आणि आदल्या दोन-तीन दिवसांची हवा, त्याच नोव्हेंबरातल्या बाकीच्या मंगळवारांशी ताडून पाहायची. महिना तोच, वार तोच, मूल तेच. ऋतूचा बराचसा गोंधळ यानेच सुटतो. तापमान आणि आर्द्रता मात्र वेगळी धरावी लागते. हा भाग तुम्ही एकटीने, संगणकावर बसून करू शकता.

आता दम्याचं मूल कुणाला म्हणायचं? कागदावर निदान लिहिलंय तेच मूल घ्याल तर बहुतेक मुलं हुकतील. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत, जी २०२२ साली प्रसिद्ध झाली, घरघरीची लक्षणं असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं. तीव्र दमा असलेल्यांतही ७० टक्के तसेच. आपल्याकडे पालकांना ‘बाळदमा आहे का’ विचारलं की लगेच ‘नाही नाही, ॲलर्जीचा खोकला आहे’ असं उत्तर येतं. मुलीच्या आईला पुढे लग्नाची काळजी असते. म्हणून रोगाचं नाव न घेता विचारा: गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, पहाटे खोकल्याने झोपमोड होते का, खेळताना इतरांआधी धाप लागते का, नेब्युलायझर किती वेळा लावावं लागलं. आणि मग स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून फुफ्फुसाची तपासणी. पंप (इनहेलर) दिल्यावर एफईव्ही१ बारा टक्क्यांनी सुधारला तर निदानाला आधार मिळतो, पण नाही सुधारला म्हणून दमा नाही असं होत नाही.

एथिक्स कमिटीत अडेल असा एक मुद्दा इथेच सांगतो. तुम्हाला अशी मुलं सापडणार ज्यांना रोजचं स्टेरॉइड इनहेलर लागतंय आणि मिळत नाहीये. त्यांना तसंच ठेवून निरीक्षण करणं चूक आहे; उपचार द्यायचेच. पण उपचार चालू केले की मूल आठ आठवड्यांत सुधारणार आणि तुमचा आलेख हवेमुळे नव्हे तर बुडेसोनाइडमुळे (इनहेलरमधल्या स्टेरॉइडमुळे) वर जाणार. यावर उपाय म्हणजे मोजणी सुरू करण्याआधी सहा-आठ आठवडे फक्त उपचार नीट बसवायला ठेवा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या, पंप कसा घ्यायचा ते आईसमोर मुलाकडून करून घ्या, ‘पंपाची सवय लागते’ ही भीती बसून बोलून काढा. बऱ्याच घरांत पंप आहे, पण मूल तो सरळ तोंडात मारतं आणि औषध जिभेवरच राहतं. हे सगळं मार्गी लागल्यावर मोजायला घ्या. पालकांची लेखी संमती, सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढच्यांची लेखी सहमती, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मूल ‘नको’ म्हणालं तर आईने सही केली असली तरी नको.

रोजच्या मोजणीसाठी पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजणारं छोटं यंत्र) पुरेसं आहे, पण त्याला कमी लेखू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाशेजारी उभं राहून बघा. मूल सरळ उभं आहे का, काटा शून्यावर आणला का, बोट काट्याच्या खाचेत अडकलंय का, ओठ घट्ट मिटलेत का. काही मुलं छातीतून फुंकण्याऐवजी थुंकल्यासारखा गालाने झटका देतात. काटा उंच जातो आणि आकडा छान दिसतो, पण त्यात फुफ्फुसाचं काही नसतं. तीन वेळा फुंकायला लावा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. सकाळी आणि संध्याकाळी, पंप घेण्याआधी. मुलांमध्ये दिवसभरातला फरक सरासरीने १३ टक्क्यांच्या वर राहत असेल तर श्वासनलिका अस्थिर आहेत असं धरतात. तुमच्यासाठी हा चढउतार एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलका ठरेल.

कागदी डायरीवर विसंबू नका. भेटीच्या आदल्या रात्री सहा आठवड्यांचे रकाने एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेले मी इतक्या घरांतून पाहिले आहेत की आता मी तारीख-वेळ आपोआप नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक मीटर मिळाल्याशिवाय असा अभ्यास घेऊ नका असंच सांगतो. पैसे नसतील तर रोज रात्री आठच्या सुमारास आईला व्हॉट्सॲपवर मीटरचा फोटो पाठवायला सांगा. सल्ब्युटामोल (झटक्यात आराम देणारं औषध) किती लागलं हे विचारण्यापेक्षा पंपावरचा डोस काउंटर वाचा. महिन्यातून एकदा चार ते अकरा वयाच्या मुलांसाठीची सी-ॲक्ट प्रश्नावली भरून घ्या; २७ पैकी १९ किंवा कमी गुण म्हणजे दमा आटोक्यात नाही. सर्दी झाली का, ताप आला का, हे मात्र रोज लिहून घ्यायचं. विषाणूचा दिवस वेगळा काढता आला नाही तर सगळी मेहनत फुकट जाईल.

आणि आता खरा अवघड भाग: हवा. एक्यूआय वापरू नका. तो जनतेला सावध करण्यासाठी केलेला आकडा आहे. त्या दिवशी जो प्रदूषक सर्वांत वाईट त्याच्यावरून तो ठरतो, म्हणजे आज पीएम २.५चा असेल तर उद्या ओझोनचा. दोन दिवसांचे एक्यूआय सारखे असले तरी मुलाच्या श्वासनलिकेवर पडणारा मारा वेगळा असू शकतो. प्रत्येक प्रदूषकाचं प्रमाण वेगळं घ्या. ‘चांगला दिवस’ आणि ‘वाईट दिवस’ अशी वाटणीही करू नका. पीएम २.५साठी आपलं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. आपल्या कागदावरचा चांगला दिवस तिथल्या मर्यादेच्या चौपट असू शकतो, आणि मुलाचं फुफ्फुस कुणाचं मानक वाचत नाही.

शहरातलं मोजणी केंद्र कुठे आहे आणि मूल कुठे आहे हेही बघा. आयआयटीएमच्या (पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) सफर या हवा मोजणाऱ्या यंत्रणेची केंद्रं शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, लोहगाव, पाषाण अशा ठिकाणी आहेत. शहराची हवा आज कालपेक्षा बरी की वाईट एवढं ती चांगलं सांगतात. पण पाचवीतला मुलगा सकाळी पावणेसातला वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून निघतो, सिग्नलला त्याचं नाक समोरच्या टेम्पोच्या नळकांड्यापासून हातभर अंतरावर असतं, आणि शाळेच्या फाटकाशी रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. ही वीस मिनिटं चोवीस तासांच्या सरासरीत विरून जातात. रस्त्याच्या धुराचा प्रभाव मोठ्या रस्त्यापासून साधारण तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत सर्वांत जास्त असतो, हे अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या २०१०च्या अहवालात सगळा पुरावा तपासून मांडलेलं आहे. म्हणून प्रत्येक मुलाचं घर आणि शाळा नकाशावर टाका, मोठ्या रस्त्यापासूनचं अंतर काढा, आणि शाळेच्या फाटकाशी व घराच्या खिडकीशी नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या लावा. त्या स्वस्त असतात, वीज लागत नाही, दोन-चार आठवडे टांगून ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. वाहतुकीचा माग त्यांच्याइतका साधेपणाने कुणी देत नाही.

स्वस्त पीएम सेन्सर वापरायला हरकत नाही, पण ते कण प्रकाशाने मोजतात. हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेला की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र जास्त आकडा दाखवतं. डिसेंबरातल्या धुक्याच्या सकाळी हे हमखास होतं. सुरुवातीला आणि शेवटी आठवडा-दोन आठवडे तुमचे सगळे सेन्सर सरकारी केंद्राशेजारी ठेवून जुळवणी करा. तशी परवानगी पत्र लिहून मागितली तर मिळू शकते.

घराकडे वळताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘स्वयंपाक कशावर करता?’ या प्रश्नाला हल्ली शहरात आणि गावातही ‘गॅसवर’ असं उत्तर येतं आणि प्रश्नावलीत खूण होऊन आपण पुढे जातो. पण आंघोळीचं पाणी? उपनगरांच्या कडेला, वस्त्यांत, गावांत पहाटे चूल किंवा बंब पेटतो, त्यात लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, कधी जुनी चप्पल आणि प्लॅस्टिकसुद्धा जातं. मूल त्याच वेळी शेजारच्या खोलीत झोपलेलं असतं. म्हणून पाणी कशावर तापवता हे वेगळं विचारा. तसंच रात्री डासांची कॉइल लावता का, खिडकी बंद असते का. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतकं पीएम २.५ बाहेर पडतं असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं होतं. उदबत्ती, धूप, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाळला जाणारा कचरा, तळमजल्यावरची बेकरी हेही विचारायचं. हे विचारताना सूर जपा. आईला आपण तिची चौकशी करतोय असं वाटलं तर पुढच्या वेळी खरं उत्तर येणार नाही, आणि तिचा दोष तरी काय? डासांपासून डेंगी होतो हेही तिला आपणच सांगितलेलं असतं.

विश्लेषणाबद्दल फार लिहीत नाही, तुमचे संख्याशास्त्रज्ञ सांगतील. एवढंच बघा की मुख्य मोजमाप कोणतं आणि किती दिवसांच्या अंतराने परिणाम शोधणार हे डेटा हातात येण्याआधी लिहून ठेवलेलं असावं. चार प्रदूषक, पाच मोजमापं आणि सात दिवस उलटसुलट लावून बसलं की काहीतरी ‘सिग्निफिकंट’ (योगायोग नसल्यासारखं दिसणारं) निघतंच. एका मुलाचे रोजचे आकडे एकमेकांशी जोडलेले असतात. त्यांना स्वतंत्र मुलं समजून मोजू नका.

तुम्हाला मोहात पाडणारा एक प्रश्न मात्र या थीसिसमध्ये घेऊ नका: प्रदूषणाने फुफ्फुसाची वाढ खुंटते का, नव्याने दमा होतो का. तो प्रश्न मोठा आहे, पण त्याला वर्षं लागतात. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून बारा गावा-शहरांतल्या मुलांच्या मागे संशोधक लागले होते. २००४ साली त्यांनी दाखवलं की अठराव्या वर्षी एफईव्ही१ अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली असलेल्यांचं प्रमाण सर्वांत कमी पीएम २.५च्या ठिकाणी १.६ टक्के, तर सर्वांत जास्तच्या ठिकाणी ७.९ टक्के होतं. मग कायदे कडक झाले, हवा सुधारली, आणि २०१५ साली नंतरच्या तुकड्यांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांत असं प्रमाण ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर आल्याचं त्यांनीच नोंदवलं. खोकला-कफाची लक्षणंही कमी झाली, आणि दमा असलेल्या मुलांत जास्त कमी झाली. याउलट लंडनमध्ये लो एमिशन झोन (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर निर्बंध असलेलं क्षेत्र) लागू झाल्यावर पूर्व लंडनच्या २,१६४ शाळकरी मुलांची फुफ्फुसं तपासली तर सुधारणा दिसली नाही, कारण हवाच पुरेशी सुधारली नव्हती. थोडीशी सुधारणा करून थांबलं तर मुलांच्या छातीला ती कळत नाही. धोरण ठरवणाऱ्यांपुढे हे दोन्ही अभ्यास एकत्रच ठेवायला हवेत.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा. लंडनच्या लुईशॅम भागात एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने गेली. घर साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यापासून जेमतेम पंचवीस-तीस मीटरवर. तिच्या मृत्यूच्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखच नव्हता. दम्याचे तज्ज्ञ प्रा. स्टीफन होलगेट यांनी तिच्या झटक्यांच्या तारखा आणि जवळच्या केंद्रावरची हवा ताडून अहवाल दिला, आईने लढा सोडला नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) तिच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषणाची नोंद केली. हवेचा आणि दम्याचा संबंध आपल्याला कुणी सांगितलाच नव्हता, हे तिच्या आईने त्या चौकशीत सांगितलं.

म्हणून तुमच्या आराखड्यात एक खर्च आत्ताच लिहा: प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या मुलाचा स्वतःचा आलेख, मराठीत, घरी बसून समजावून देण्यासाठीचा वेळ. कोणत्या दिवशी फुंक उतरली, त्या दिवशी फाटकाशी हवा कशी होती, बंब पेटला होता का, सर्दी होती का. शाळेला फाटकाशी मोजलेले आकडे वेगळे द्या. मुख्याध्यापकांना गाड्या फाटकापासून शंभर मीटर आधी थांबवण्याचा फलक लावायला हे आकडे उपयोगी पडतात. थीसिस सादर होऊन धूळ खात पडेल, तोपर्यंत थांबू नका.

सिनॉप्सिसची मुदत जवळ असेल तर याच आठवड्यात दोन कामं करा. गेल्या दोन वर्षांचं नेब्युलायझेशनचं रजिस्टर सुरक्षित आहे का आणि त्यात मुलाचा पत्ता लिहिलेला आहे का ते पाहा. आणि एखाद्या दमा असलेल्या मुलासोबत, त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने, एक दिवस सकाळी घरापासून वर्गापर्यंत हातात सेन्सर घेऊन जाऊन या. प्रश्नावलीत काय विचारायला हवं ते त्या रस्त्यावर लक्षात येईल, मग गाईडकडे जा.